मालकाच्या बांधीतला फुकटचा रोवणा

लेक शेताच्या कडेला धुऱ्यावर रडत होती. मी धानाच्या रोवण्यातून उठून तिला पाजायला निघाले, तर मालकानं पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढीला लाथ मारली. चिखल सपकन माझ्या तोंडावर उडाला.

"काऊन वो, कुठी चालली? रोवणा का तुहा बाप करन?"

बाकीच्या बाया वाकल्या वाकल्याच हसल्या. मी पदरानं तोंड पुसलं नि पुन्हा वाकले. लेक रडून रडून झोपली.

दवनीवाड्याकडच्या आमच्या गावाची रीतच तशी. रोवणा आधी मालगुजाराच्या, म्हणजे या मालकाच्या धानाच्या बांधीत, घरटी एक बाई, फुकट. मग आपापल्या बांधीत. त्या साली पावसानं ओढ दिली होती. आमचे पऱ्हे पिवळे पडून राहिले होते. अजून उशीर म्हणजे वर्षाचं धान गेलं.

अन् मालगुजारी तर कागदावर कधीच गेली होती. शाळेच्या ओट्यावर गुरुजींनी सांगितलं होतं, ही असली फुकटची बेगार घटनेनंच बंद केली. मोठे जमीनदार कोर्टात भांडायला गेले, तर दिल्लीनं घटनाच बदलली अन् जमिनीच्या कायद्याची वाट मोकळी केली. मला मोठं नवल वाटलं. एवढी मोठी घटना बदलते, अन् आमची पाठ वाकलेलीच? शेत आमच्या नावावर झालं, पण शेताच्या तळ्याचं, बोडीचं पाणी सोडणारा हात मालकाचाच. जावं कुठं? घराबाहेर पाय टाकला की त्याचाच धुरा.

रात्री सासूला म्हटलं, "उद्या मी आपल्या बांधीत जातो."

"पाणी बंद करन तो."

"पऱ्हे मेल्यावर पाणी का चाटाचं हाये?"

सकाळी माझ्या आधी सासूच आपल्या बांधीत उतरली.

मालक आलाच. गुरुजींचं बोलणं त्याच्याही कानावर गेलं होतं. "मले कायदा शिकवून राहिली का वो? घटना दिल्लीत बदलते. गावात रीत चालते."

"आमी वाकत गेलो, म्हून रीत झाली, मालक. आता मी नाही वाकत."

त्यानं पाणी तोडलं. आम्ही दोघींनी विहिरीवरून घागरी वाहिल्या. हात सोलले. अर्धं धान तरीही गेलं. गावातली एकही बाई मदतीला आली नाही. त्यांचा राग येतो मला, अजून येतो. पण त्यांच्याही बांधीचं पाणी त्याच्याच हातात होतं.

दिल्लीनं आपलं काम केलं. गावातलं काम आमच्या पाठीवर आहे. यंदाही पाणी नाही सुटलं तर नाही सुटलं. अर्धपोटी राहीन, पण त्याच्या बांधीत मी उतरणार नाही. अन् धुऱ्यावर रडत झोपलेली माझी लेक तर कधीच नाही.