सांगताना पडणारे ठोके

भाऊ गेला तेव्हा पौष चालू होता आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. दुखवट्याला आले ते म्हातारे आणि लांबचे पाहुणे. आमच्याकडे भेटायला आलेला माणूस टेकला, पाणी प्याला, की विचारतो, "कसं झालं?" मग शेवटी जो जवळ होता त्यानं पहिल्यापासून सांगायचं. जवळ मी होतो. तेराव्यापर्यंत सांगून संपलं असं मला वाटलं.

चैत्रात टोळ्या परतल्या आणि दुखवटा पुन्हा सुरू झाला. रोज कोणी ना कोणी. मी सांगायचो : सकाळी त्याच्या छातीवर दडपण आलं, जीपला निरोप धाडला, त्याचं मनगट माझ्या हातात होतं. नाडी आधी पळाली, मग अडखळली. इथवर आलो की माझ्याच छातीत काहीतरी उलटायचं. एक ठोका गायब, आणि त्याच्यामागून एक जोराचा धक्का.

पुढे पुढे न सांगताही होऊ लागलं. जेवून आडवा झालो की हमखास. मी भावापेक्षा सहा वर्षांनी लहान. आपली पाळी आली, असं मी धरून चाललो. आईला एकच लेक उरला होता, तिला काही बोललो नाही. हृदयाला आराम म्हणून पालमच्या शाळेत शिकवायला चालत जाणं सोडलं, एसटी धरू लागलो. सुटीच्या दिवशी खाटेवर पडून राहायचो. शाळेच्या ग्रंथालयात आरोग्याचं एक जाड पुस्तक होतं. त्यातले सगळे आजार मला लागू पडले. पडून राहिलो तसे ठोके वाढतच गेले.

"सारखं मनगट धरून काय बसायलास?" आईनं एकदा विचारलं. "घड्याळ हारवलं का तुजं?"

शेवटी परभणीला गेलो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदयाची सोनोग्राफी केली, रक्त घेतलं आणि छातीला तारा चिकटवून एक दिवसासाठी छोटं यंत्र कमरेला बांधलं. हातात एक वही दिली. "कधी काय केलं ते वेळेसकट लिहायचं. येतं ना लिहिता?"

"मास्तर आहे मी."

"मग थोडक्यात लिहा."

यंत्र अंगावर असताना टोळीचा मुकादम आला. भावाचा लहानपणापासूनचा दोस्त. आई चहाला आत गेली. तो ओट्यावर बसला आणि बराच वेळ पंच्यानं तोंड पुसत राहिला. "फोन आला तवा फडात होतो, मास्तर. कोयता तसाच खाली टाकला, पर गाडी भरायची होती, यायला जमलं न्हाई. कसं झालं?"

मी सांगितलं, सगळं. तेवढ्यात त्याला सदऱ्याखालची तार दिसली.

"हे काय लावलंय?"

"छाती तपासायलेत."

त्यानं पंचा खांद्यावर टाकला. जाताना दबक्या आवाजात म्हणाला, "तुमी तरी ऱ्हावा नीट. काकीला कोन हाय आता?"

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागद आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. "सव्वाचारला काय केलं होतं?"

"भावाचं सांगितलं."

"तिथं चुकलेल्या ठोक्यांचा ढीग लागलाय. जेवून पडलात तिथं थोडे. आणि इथं एकही नाही. इथं काय?"

"एसटी चुकली. शाळेत चालत गेलो."

"मग रोज चुकवा."

ठोका गायब होत नाही, ते म्हणाले. एक ठोका वेळेआधी पडतो, हृदय क्षणभर थांबतं, म्हणून पुढचा जोरात लागतो. हृदयाकडे दोन तऱ्हेच्या नसांचे निरोप येतात, घाई करायला लावणाऱ्यांचे आणि आवरणाऱ्यांचे. दुःखात, भीतीत पहिल्यांचा जोर वाढतो. पोटभर जेवून पडलं की दुसऱ्यांचा. दोन्हीकडून असे ठोके निघू शकतात. "भावाची रक्तवाहिनी बंद झाली होती. तुमचं हृदय चांगलं आहे, रक्तही ठीक. घरात आजार झालाय, तेव्हा वरचेवर तपासत राहा. चक्कर आली, छाती दुखली, तर लगेच या."

"म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ?"

"नाही हो. ठोके खरे आहेत, कागदावर आलेत. फक्त जीव घेणारे नाहीत."

बाहेर पडलो तर कडकडून भूक लागलेली. बसस्टँडसमोर गरम भजी घेतली, सोबत तळलेली मिरची. अर्ध्यात भाऊ आठवला. तो गेला आणि आपण वाचलो म्हणून आपल्याला एवढं बरं वाटतंय, याची लाज वाटली. तरी दुसरी प्लेट मागवली.

घरी आलो तर आई दारातच. "काय म्हनला डाक्टर?"

"कोण डॉक्टर?"

"मुकादमानं सांगितलंय मला. तवापासून घास उतरंना."

मी खाली बसलो आणि निरोप, नसा, ठोके असं सगळं तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी मरत न्हाईस?"

"इतक्यात तरी नाही."

पाठीत एक धपाटा बसला. मग ती भिंतीला टेकून रडली, आवाज न करता. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "माज्याबी छातीत तसंच उडायलंय रे, थोरला गेला तवापासून. तुला घोर नको म्हनून गप होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परभणीच्या गाडीत बसलो. तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर पदर सारखा करत म्हणाली, "बघतूस काय? लोकं इचारतील कुटं चाललाव, तर लग्नाला म्हन."