थोरल्याकडून धाकट्याकडे

ताराझ शहरात रेल्वेफाटकापलीकडच्या गल्लीत कुणाचा संगणक रुसला की आधी केंजेबेकला बोलावणं यायचं, आणि तो चहा पिऊन गेला की मग बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला. हा क्रम केंजेबेकला ठाऊक नव्हता असं नाही. पण सव्वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून घरी बसलेल्या माणसाला निदान आधी तरी कुणी बोलावतंय, यातच तो खूश होता. बायको कुल्याश त्याला मास्तर म्हणायची. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्याला नक्की सांगता आलं नसतं.

त्या वर्षी त्याने एक वही सुरू केली होती. घरच्या संगणकाला कुठला प्रोग्रॅम बरा याचा निकाल त्या वहीत लागायचा होता. एक प्रकार मागे नेणारा, म्हणजे कळ दाबली की संगणक काल किंवा परवा जसा होता तसा पुन्हा उभा. दुसरा नक्कल करणारा, म्हणजे आख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची. वेग, सोपेपणा, भरवसा असे रकाने आखून तो शाळेतल्यासारखे पाचपैकी गुण द्यायचा. दोन म्हणजे नापास. हा निकाल कुणीही मागितला नव्हता, पण केंजेबेकला तशी अडचण कधीच वाटली नाही.

त्याचा जीव मागे नेणाऱ्यावर जडला होता. काल केलेला मूर्खपणा आज एका कळीसरशी पुसून टाकता येतो, हे त्याच्यासारख्या माणसाला आवडणारच. नक्कल करणारा त्याला रटाळ वाटायचा. ही कामं कारकुनांची, असं तो म्हणायचा.

या सगळ्या उद्योगात संगणकाच्या पोटात एक गोष्ट होती, जिच्यासाठी घरात खरं तर तो संगणक होता. केंजेबेकच्या वडिलांचा आवाज. म्हातारे जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटच्या शरद ऋतूत केंजेबेकने त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून घरादाराला आशीर्वाद द्यायला लावला होता. दर गुरुवारी सकाळी त्याची आई, बिबिसारा आपा, मेलेल्यांच्या नावाने सात शेलपेक तळायची. पातळ, पिवळीधमक पोळी ती, वास गल्लीभर जायचा. मग हात धुऊन संगणकापुढे बसायची आणि तळवे उघडून म्हाताऱ्याचा आशीर्वाद ऐकायची. तो संपला की तळवे तोंडावरून फिरवायची आणि शेलपेक घेऊन शेजारी वाटायला निघायची. आपाला वाटल्याशिवाय चैनच पडत नसे. भाजलेलं, तळलेलं, शिवलेलं, सगळं दुसऱ्यांच्या घरी. ही घरात काही म्हणजे काही टिकू देत नाही, अशी केंजेबेकची कायमची कुरकुर असे.

त्या चित्रीकरणावरही त्याने आपली हुशारी चालवली होतीच. सुरुवातीचा खोकला, चहाचे भुरके, इकडचं तिकडचं बोलणं असला मिनिटभराचा पसारा कापून त्याने ते स्वच्छ करून घेतलं होतं. आपाने त्यावर चकार शब्द काढला नव्हता, आणि केंजेबेकने ती शाबासकी समजली होती.

एका बुधवारी दुपारी शेजारचा सैलखान आला. जन्मभर इंजिन चालवलेला माणूस, दुकानदारासारखा गोड बोलत नाही, पण बघत असतो. त्याने नवा संगणक घेतला होता आणि कुठला प्रोग्रॅम टाकू एवढंच विचारायला तो आला होता. केंजेबेकला असं गिऱ्हाईक वर्षातून एकदा मिळायचं. त्याने सैलखानला खुर्ची दिली, वही उघडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत संगणकातली अर्धी कामाची फाइल-मंडळी पुसून टाकली. मग एक कळ. दीड मिनिटात सगळं जागच्या जागी. केंजेबेकने ते तीनदा करून दाखवलं.

सैलखान म्हणाला, "झकास. पण मास्तर, हा जे परत आणतो ते ठेवतो कुठे?"

"ह्याच डिस्कवर."

"आणि डिस्कच गेली तर?"

केंजेबेकला असले प्रश्न वर्गातही आवडत नसत. पण शेजाऱ्यापुढे माघार कशी घ्यायची? तो म्हणाला, त्यासाठीच तर दुसरा प्रकार आहे, तोही लगे हात दाखवतो. त्याने नुकतीच आणलेली कोरी डिस्क जोडली. आता घोटाळा नको म्हणून त्याने दोन्ही डिस्कना आधीच नावं देऊन ठेवली होती, आणि ती सुचली तेव्हा स्वतःवर बेहद्द खूश झाला होता. धाकट्याने आईबापांचं घर सांभाळायचं आणि थोरल्याने बाहेर पडायचं, म्हणून घरातल्या भरलेल्या डिस्कचं नाव केंजेबेक आणि बाहेरच्या कोऱ्या डिस्कचं नाव तुर्लीबेक. तुर्लीबेक हा त्याचा थोरला भाऊ. तो रेल्वेत लागून किझिलोर्दाला गेला होता. दोघांचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं होतं, कारण वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात केंजेबेकने चारचौघांत त्याला ऐकवलं होतं की तुला फोनचं बटणसुद्धा कळत नाही.

नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सीडीवरून संगणक सुरू झाला. पडद्यावर प्रश्न आला, कुणाकडून कुणाकडे? आता ज्या माणसाने जन्मभर मांसाचं ताट थोरल्यापुढे सरकवलं आणि थोरल्याने कापून दिलेला तुकडा दोन्ही हातांनी घेतला, तो काय करणार? देणारा थोरला, घेणारा धाकटा. केंजेबेकच्या बोटाने क्षणभरही विचार केला नाही. तुर्लीबेककडून केंजेबेककडे.

पडद्यावर लाल अक्षरात सूचना आली की घेणाऱ्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का. सैलखान जरा पुढे झुकला. केंजेबेक म्हणाला, हे प्रोग्रॅम नव्या शिक्षिकेसारखे असतात, उगाच घाबरतात, आपण ठामपणे हो म्हणायचं. आणि म्हणाला.

काम चार मिनिटांत संपलं. वहीत त्याने नक्कल करणाऱ्याला एक तास धरला होता. त्याने वेगाच्या रकान्यात पाचपैकी पाच टाकले आणि सैलखानला म्हणाला, माझं मत बदललं बरं का, हा प्रकारही वाईट नाही. कोरी डिस्क उतरवायला वेळ लागणार तरी किती, हे त्याला संगणक पुन्हा सुरू केल्यावर कळलं. काळा पडदा, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

सैलखानने टोपी घातली. जाताना एवढंच म्हणाला, "मी अजून थोडे दिवस काही टाकत नाही."

केंजेबेकने कळफलक पुढे ओढला. मागे नेणाऱ्याची कळ दाबावी, तर मागे जायची सगळी शिदोरी त्याच डिस्कवर होती, ती तिच्याबरोबरच गेलेली. इथे थांबला असता तर बाजारातल्या माणसाने खरवडून काहीतरी काढलंही असतं. पण हातावर हात ठेवून बसेल तो केंजेबेक कसला? त्याने डिस्क पुन्हा साफ करून विंडोज नव्याने टाकलं, म्हणजे जे काही तळाशी उरलं असेल त्यावरून नांगर फिरवला. मग डिस्क काखेत मारून बाजारात गेला. दुरुस्तीवाल्याने तासाभराने ती परत दिली आणि विचारलं, हे कुणी केलं? केंजेबेक म्हणाला, शेजारी आहे एक, फार शहाणा समजतो स्वतःला.

घरी कुल्याशला सांगावंच लागलं. चहा ओतताना तिने त्याची वाटी काठोकाठ भरली. आपल्या माणसाला अर्धीच वाटी देतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि उठा. तीस वर्षांत ती त्याच्यापुढे पहिल्यांदा आली.

"उद्या गुरुवार आहे, मास्तर," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी केंजेबेकने काय केलं, हे त्याचं त्यालाच पुढे सांगवत नसे. अठ्ठावन्न वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला हा गृहस्थ सहा वाजता उठला आणि त्याने घराचा फ्यूज काढून खिशात घातला. वीज नाही म्हणजे संगणक नाही. एक गुरुवार निभला. पुढच्याचं पुढे.

आपाने गॅसवर शेलपेक तळले, हात धुतले, रुमालाने पुसले आणि संगणकापुढे येऊन बसली. वीज नाही कळल्यावर म्हणाली, थांबू की मग. आणि थांबली. तळवे मांडीवर उघडे ठेवून ती काळ्या पडद्याकडे बघत बसली. शेलपेक निवत चालले. सैलखानच्या खिडकीतून रेडिओवरच्या बातम्या स्वच्छ ऐकू येत होत्या. अर्ध्या तासाने आपाने विचारलं, "त्याच्याकडे आहे होय रे वीज?"

केंजेबेकने खिशातला फ्यूज काढून टेबलावर ठेवला. "आपा, बाबांचा आवाज गेला. माझ्या हातून पुसला. आता कुठेच नाही."

आपाने फ्यूजकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याला वाटलं, आता रडेल. तिने शिवी दिली असती तर तो सुखाने मेला असता.

"कुठेच नाही कसा? तुर्लीबेककडे आहे की," ती म्हणाली. "बाबांच्या वर्षश्राद्धाला आलेल्यांना तळलेल्या बाऊरसाकांची शिदोरी बांधून दिली, त्यात सीडी घातल्या होत्या. चाळीस. कुल्याशने फोटोवाल्याकडून करून आणल्या. तू हसला होतास. म्हणालास, बाऊरसाकांच्या तेलात आता सीडी तळणार का."

आठवलं त्याला. हसला होता, आणि पाहुण्यांनाही हसवलं होतं. त्याने हळूच विचारलं की मग घरात एकही का ठेवली नाही.

"घरच्यांना कुणी शिदोरी देतं का?" आपा म्हणाली.

त्याने फोन लावायला घेतले. चाळीस पिशव्या म्हणजे चाळीस घरं, पण मावशीने सीडी जर्दाळूच्या झाडाला चिमण्या हाकलायला टांगली होती आणि उन्हाने तिचा नुसता आरसा उरला होता. एका चुलतभावाकडे ती चहाच्या किटलीखाली होती. तिसऱ्याने घर बदलताना हरवली. चौथ्याने केंजेबेकलाच विचारलं, की बाबा रे, तू तर प्रोग्रॅमवाला, तुझ्याकडे कशी नाही? अशी पंधरा-सोळा घरं झाल्यावर त्याने काळजावर दगड ठेवून किझिलोर्दाचा नंबर फिरवला. ज्याला फोनचं बटण कळत नव्हतं त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

तुर्लीबेककडे सीडी होती. त्याच्या घरी संगणक नव्हता, म्हणून त्याने ती आईने शिदोरीत घातलेल्या रुमालासकट पेटीत ठेवून दिली होती. कधीतरी ताराझला जाईन तेव्हा ऐकेन, असं म्हणून. दोन वर्षांत कुणी ये म्हटलं नव्हतं. केंजेबेक म्हणाला, दादा, टपालाने पाठव, लगेच.

"बाबांना टपालात घालू?" तुर्लीबेक म्हणाला. "मी घेऊन येतो."

आपाने निवलेले शेलपेक वाटले नाहीत. म्हणाली, उद्या शुक्रवार, तोही चांगलाच दिवस, मी ताजे तळीन.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने तुर्लीबेक आला. कुल्याश दिराचं नाव घेत नसे, मिशीवाले भाऊजी म्हणत असे, तर मिशीवाले भाऊजी सत्तरीला टेकलेले, मिशा आता पांढऱ्या. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला आणि सीडी धाकट्यापुढे धरली. केंजेबेकने ती दोन्ही हातांनी घेतली. तिच्यावर दोन वर्षांपूर्वीच्या बाऊरसाकांच्या तेलाचा डाग होता. तो डाग सदऱ्याच्या टोकाने घासतच बसला, म्हणून कुल्याशने सीडी काढून घेतली आणि स्वतः लावली.

पडद्यावर म्हातारे आले. खोकले. चहाचा भुरका मारला. ही त्याने स्वच्छ करण्याआधीची नक्कल होती.

"लाल दिवा लागला का रे?" म्हातारे विचारत होते. "नाही लागला? आणि हा पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. बिचारी पोरं. कुल्याश, तू बघ गं बाई, तुझ्या हाताला यश आहे. हा ते उघडून ठेवील." मागे कुठेतरी आपाचं हसणं ऐकू येत होतं, मग म्हाताऱ्यांचंही. हसता हसता ते पुन्हा खोकले. "असू दे, असू दे. तोंड पाडू नकोस. मोडतो हा, पण घरी आहे." मग त्यांनी तळवे उघडले आणि आशीर्वाद सुरू झाला.

तो संपला. चौघांनी तळवे तोंडावरून फिरवले, पण केंजेबेकचे हात तोंडावरच राहिले. तुर्लीबेकने खिडकीबाहेर बघत मिशी चोळली.

आपा म्हणाली, "दर गुरुवारी मी वाट बघायचे, आता हसतील, आता हसतील. आणि हे आपले एकदम आशीर्वादच द्यायला लागायचे. मला वाटलं, यंत्रात गेल्यावर माणूस तसाच होत असेल."

केंजेबेक त्या दिवशी बाजारात गेला आणि दहा कोऱ्या सीडी घेऊन आला. नकला करताना कुणाकडून कुणाकडे हे तो मोठ्याने वाचायचा, आणि कुल्याशने मान हलवल्याशिवाय कळ दाबायचा नाही. वहीत त्याने भरवशाच्या रकान्याखाली स्वतःचं नाव लिहून पुढे दोन गुण टाकले. चहाची वाटी आता पुन्हा अर्धीच भरून येत होती. मग आपाने सात ताज्या शेलपेकांची चळत पुढे केली, तर तिच्या हातातून ताट त्यानेच घेतलं.

सैलखानने दार उघडलं. शेलपेकवरची सीडी उचलून त्याने उलटसुलट पाहिली. "हे काय, मास्तर? नवा प्रोग्रॅम?"

"बाबा आहेत," केंजेबेक म्हणाला. "तुमच्याकडे ठेवा. सुरुवातीला मिनिटभर माझी थट्टा करतात, तेवढी कापू नका."