समतेचे चार ब्रेक

आमच्या घरात गाडीच्या ब्रेकबद्दलचा ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधात एकटा मामा होता, आणि ब्रेकचं काम घरात त्या एकट्यालाच येत होतं.

ही ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. निवृत्त झालेल्या साहेबांची जुनी विलायती गाडी त्यांनी हौसेने घेतली होती. पुढच्या स्प्रिंगा खिळखिळ्या, ब्रेक नावापुरते. तेवढ्यात ताईला विंचूरच्या शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली. सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला!

"मी आपली एसटीने जाते," ताई म्हणाली.

मी उसळलो. घरातली पहिली शिक्षिका आपल्याच हातांनी दुरुस्त केलेल्या गाडीतून जाईल! (मी समतेची पत्रकं वाचून वाढलो होतो, आणि मला वेळीच कुणी थांबवलं नव्हतं.)

मामा अंबडच्या कारखान्यात फिटर. तो म्हणाला, "रविवारी चारही चाकं मी करून देतो."

"म्हणजे एकाने राबायचं आणि चौघांनी बसून बघायचं? माणशी एक चाक! ताईला तेवढी सूट."

"अरे, चारही ब्रेक सारखे लागावे लागतात."

"काम सारखं वाटलं की ब्रेकही सारखे लागतील!"

 मामाने आईला विचारलं, "अक्का, याचं शिक्षण पुरं झालं का गं?"

"मतं घ्या आणि जेवायला चला," दादा म्हणाले. ताईने तर पुस्तकातून डोकं न काढताच हात वर केला.

रविवारी मामाने सूचना दिली, "चाक हाताने फिरवत ब्रेक आवळायचा. जरासं घासलं की थांबायचं."

मामा पुढच्या डाव्या चाकाशी, आणि बरोबर थांबला. आई मागे. तिने बंद केलेला डबा घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही. तिने शेवटपर्यंत आवळलं. "आता हलू दे बघू!" दादांनी अर्धवट आवळून बाकीचं पुढे बघू म्हटलं. पुढचं उजवं चाक माझं. कुणाला आवळणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं! शिवाय मामाने आपल्या बाजूला नवी स्प्रिंग टाकली, मी मात्र जुनीच पुसून बसवली. इतकी वर्षं राबलेल्याला काढून टाकायचं म्हणजे अन्याय! गाडी कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यासारखी माझ्या बाजूला कलली.

सोमवारी मामा कामावर गेला आणि दादा, ताई आणि मी गाडीतून निघालो.

"दादा, सावकाश," ताई म्हणाली.

"सावकाशच चाललीय गं. जोरात जातेय कुठे!"

आईच्या चाकातून धूर येत होता. द्वारका चौकाजवळ एक ट्रक आडवा आला. दादांनी ब्रेक दाबला. हुकूम मामाच्या चाकाने तेवढा मानला. गाडी गर्रकन डावीकडे वळली आणि एका फुलवाल्या मावशींच्या झेंडूच्या ढिगात शिरून थांबली!

"आरं बाबा, रस्ता तिकडं हाय!"

"मावशी, तत्त्व बरोबर होतं, अंमलबजावणीत जरा..."

"आधी फुलांवरनं चाक काढ!"

काढणार कसं? आईचं चाक पुरतं जाम झालं होतं. साडेनऊ वाजले. दादांच्या कपाळावर घाम. ताई मात्र शांतपणे उतरली, नेमणुकीचा कागद पिशवीत घातला आणि फुलं उतरवून उभ्या असलेल्या टेम्पोकडे बोट दाखवत मावशींकडे वळली. "टेम्पो कुठे जाणार?"

"लासलगावकडं. आमचे मालक निघालेच हायेत, रिकामाच चाललाय. विंचूर वाटंतच हाय. बस पोरी." मग माझ्याकडे बोट. "पन ह्याला नको घेऊ."

दुपारपर्यंत मी चेंगरलेला झेंडू निवडत बसलो. कंबर गेली.

संध्याकाळी ताई एसटीने परतली. दादांना विचारायचं धाडस होईना. शेवटी मीच तोंड उघडलं, "हजर झालीस?"

"अकराला पाच कमी असताना."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"हेडमास्तरांनी विचारलं, टेम्पोतून का आलात? म्हटलं, भावाने गाडी दुरुस्त केली होती."

"मग?"

"मग काही नाही. खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले."

त्यांच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी असणार.