मका परत ओतणारे अप्पा

भरलेलं माप परत पोत्यात ओतायचं आणि वर गिऱ्हाइकालाच दटावायचं, असा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? आष्टीच्या बाजारात, माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच असा एक होता. पेंड, मका, चुनी असा जनावरांचा खुराक विकायचा. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

"आधी कोकरू आन," ते म्हणायचे. "बघितल्याबिगर खुराक न्हाई."

माणसं खरंच कोकरं घेऊन यायची. अप्पा त्यांच्या पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवायचे, शेपटीचं बूड दाबायचे आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं करायचे. कोकरं तिथेच लेंड्या टाकत. वास माझ्या कापडांना. मी कुरकुरलो की म्हणायचे, "लेंडी कोरडी हाय, तब्येत झ्याक हाय."

कपाळावर भस्माचे पट्टे, वर्षातून एकदा कपिलधारच्या यात्रेला जाणं ठरलेलं, घरात अंडंसुद्धा शिजत नसे. मी डिवचायचो, "अप्पा, मटण खात नाही आणि जीव सगळा मटणात."

"खानाऱ्यानं खावं," ते शांतपणे म्हणत. "जनावरानं खाल्लेलं वाया जाऊ ने, एवढंच आपलं."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आईचं दूध तुटलेलं कोकरू खाल्लेलं भराभर अंगी लावतं. आधी हाड भरतं, मग मांस. पुढे नुसती चरबी धरते, आणि चरबीला खुराक फार लागतो. त्या टप्प्यावरच्या कोकरासाठी अप्पा मका देत नसत. धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो ते मोठ्या रुबाबात करत.

एकदा जवळच्या खेड्यातली एक बाई आली. दर साली नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. यंदा तिनं कोकरं पाळली होती. ती नीट विकली तर कोयता धरायचा नाही, लेकीजवळ घरीच राहायचं, असं तिच्या मनात होतं.

"आनखी म्हैनाभर चारते," ती म्हणाली. "वजन वाढंल."

अप्पांनी कोकरू काट्यावर उभं केलं, पाठ चाचपली आणि भरलेलं माप पोत्यात ओतलं. "आता न्हाई वाढायचं. इकून टाक."

"कावून? माजी कोकरं, माजा पैका."

"तुजा हाय म्हनूनच."

ती तणतणत समोरच्या दुकानात गेली आणि तिथून मका घेतला. पंधरवड्यानं तेच कोकरू घेऊन परत आली. मका संपला होता आणि काटा आधीच्या वजनावरून जेमतेम हलला. पुढच्या बाजाराला तिनं सगळी कोकरं विकली, भाव करायला अप्पा तिच्या शेजारी भर उन्हात उभे होते. त्या साली ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक तिला न घेताच गेला. मला आमच्या शेजाऱ्याचा फार अभिमान वाटला.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. गल्ल्यावर आता मुलगा बसतो. भला माणूस आहे, मागेल त्याला मागेल तेवढं देतो.

परवा ती बाई दोरीनं कोकरू ओढत आली. मका मागितला. मुलानं लगेच तोलून पिशवीत भरला आणि पुढे सरकवला. तिनं पिशवीला हात लावला नाही, कोकरू पुढे केलं. तो गोंधळला.

"घ्या की मावशी. लागंल तेवढा देतो."

"तू देशील रे बाबा," ती म्हणाली. "पर आता 'न्हाई' कोन म्हनंल?"