मागच्या दारापुढचा देव्हारा

आज सकाळी हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आग लागली. तिथे प्लास्टिकचे डबे बनतात. मशीन कुठे, माल कुठे, माणसांची ये-जा कुठून, हा नकाशा मीच करून दिला होता. माझं कामच ते. म्हणून कळताच धावत गेले.

आग लहानच होती. धुराने घात केला. पॅकिंगच्या सुनंदाताई गेल्या.

आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून मागच्या दारापुढची जागा मी मोकळी ठेवायला लावली होती. पण मोकळी जागा दिसली की आपण तिथे खोके रचणारच. म्हणून मालकाने परस्पर उपाय काढला. दारापुढेच देव्हारा मांडला. खोके ठेवणं त्या दिवसापासून बंद.

सुनंदाताईंच्या शेजारी बसणारी मंगल वाचली. रडत सांगत होती, "मॅडम, ती पहिली तिकडेच पळाली होती ओ. पण पायात चपला, आणि देवाला ढकलायचं कसं? तशीच मागे फिरली, धुरात."

मालकही रडत होता. म्हणाला, "मॅडम, आपने ही बोला था ना, इधर माल नहीं रखना. देखो, किसीने नहीं रखा."

खरंच नव्हता ठेवला. देव्हारा जागच्या जागी होता, सकाळची फुलंसुद्धा हलली नव्हती.

चिडायचं कुणावर, तेच कळत नाहीये मला. साधी सूचना आपण ऐकत नाही, देव मांडला की लगेच ऐकतो.

उद्या कामावर गेलात की मागच्या दाराने एकदा बाहेर पडून बघा. तुमच्याकडे त्या दारापुढे काय ठेवलंय?