जेवायला का ओटीला

शालूबाईंची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, मंगळवार पेठेत. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ, आणि त्या पिठातून उठून दिसणारं रुपयाएवढं कुंकू. गेल्या दोन वर्षांत हे कुंकू नऊ लाख लोकांनी पाहिलं. गिरणीवर येऊन नव्हे, मोबाइलवर. त्याला जबाबदार मी.

शालूबाईंचे यजमान पिराजी गिरणीचा पट्टा चढवता चढवता छातीत कळ येऊन गेले. तिरडी उचलायच्या आधी चार बायका शालूबाईंचा हात धरून बांगड्या फोडायला बसल्या. शालूबाईंनी हात हिसकून घेतला.

"माज्या हाताला हात लावायचा न्हाय! जोतिबाच्या जत्रंत त्येंनी भरल्यात ह्या. माणूस गेलं त्ये गेलं, आता ह्या बी घालवू व्हय?"

मी शेजारीच उभी होते, मोबाइल चालू करून. मयताच्या दारात मोबाइल काढायची अक्कल माझीच. मी शाळेत शिकवते आणि समाज बदलला पाहिजे असं मला उठता-बसता वाटत असतं. संध्याकाळी व्हिडिओ टाकून दिला. शालूबाईंना विचारलं का? नाही.

मग काय विचारता! मुंबई-पुण्याच्या बायका, पोरं, कुठलेकुठले प्राध्यापक, सगळे माझ्या पानावर. कुणीतरी खाली लिहिलं, 'बाई, तुमच्या घरच्या ओटीला बोलवाल काय ह्यांना?' मी फणकाऱ्यानं उत्तर दिलं, 'शंभर टक्के.' त्या दोन शब्दांना तीन हजार लाइक मिळाले. पुढचे आठ दिवस मी वर्गात फळ्याकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघत होते.

शालूबाईंकडे साधा बटणांचा फोन. पुण्याहून एक मंडळ शाल-नारळ घेऊन गिरणीत आलं तेव्हा त्यांना हा प्रकार कळला. त्यांनी सत्कार करून घेतला, नारळाची चटणी केली, आणि मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या नवरात्रात. महाद्वार रोडला एका साडीच्या दुकानात गेल्या होत्या. दारात एक पोरगी बायकांना हळदीकुंकू लावत होती. शालूबाईंसमोर ताट धरलं, बोट कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. "तुमी त्या व्हिडिओतल्या न्हवं?" असं म्हणून पोरीनं हसत बोट मागं घेतलं. वर फोटो मागितला!

"बाई," शालूबाई मला म्हणाल्या, "आदी मी रांडमुंड हाय त्ये पेठंला म्हाईत हुतं. आता समद्या जिल्ह्याला केलासा की वो."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. व्हिडिओ काढून टाकते म्हटलं, तर तेही नको म्हणाल्या. कारण चारच दिवसांपूर्वी राधानगरीकडची एक बाई एसटीनं, पायलीभर तांदूळ घेऊन दळायला आली होती. तिच्या गावात गिरणी नाही असं थोडंच आहे! दळण होईपर्यंत थांबली. जाताना पदर सारून हात दाखवला, हिरव्या बांगड्या. मालक जाऊन महिना झाला, म्हणाली, तुमचं बघून ठेवल्या. शालूबाईंनी तिचं दळणाचं काही घेतलं नाही.

म्हणजे काहीच घडलं नाही असं म्हणवत नाही, आणि घडलं म्हणावं तर ते पोरीचं मागं गेलेलं बोट डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन वर्षं माझं हे असं चाललंय.

आणि आता माझ्या लेकीला, भैरवीला, सातवा महिना लागला. येत्या रविवारी आमच्याकडे डोहाळजेवण. कुरुंदवाडहून तिच्या सासूबाई, कालिंदीताई, पंधरा माणसं घेऊन येणार. त्यांनी फोनवर मला बजावलं, "ओटीला पाच सवाष्णी पक्क्या करा. पहिलटकरीण आहे, उगाच काही नवीन नको." काही नवीन म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं, मलाही. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. खाली हात जोडल्याची तीन चित्रंही टाकली होती!

सोमवारी मी गिरणीवर गेले. गव्हाचा डबा ठेवला आणि सहज सुचल्यासारखं म्हटलं, "शालूबाई, रविवारी जेवायला यायचं हं."

शालूबाईंनी डबा ओतला, माझ्याकडे बघितलं. "जेवायला का ओटीला?"

"बघू की," मी म्हटलं.

बघू की! नऊ लाख लोकांपुढे शंभर टक्के, आणि एका बाईपुढे बघू की. घरी येऊन मी स्वतःवरच इतकी चिडले की भाजीत दोनदा मीठ घातलं. मंगळवारी पाच नावं लिहिली, फाडली. बुधवारी कालिंदीताईंना फोन लावला आणि मेनू विचारून ठेवला. भैरवी म्हणाली, "आई, तू एकदाचं काय ते ठरव. तुला बघून मला धाप लागते."

गुरुवारी मला मार्ग सुचला. असे मार्ग मलाच सुचतात. खण, नारळ, तांदूळ पिशवीत घातले, भैरवीला घेतलं आणि दुपारी गिरणीवर गेले. दोन गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत थांबले. मग हळूच म्हटलं, "शालूबाई, हिची पहिली ओटी तुम्हीच भरा. आत्ता, इथंच. रविवारच्या गर्दीत कशाला?"

शालूबाईंनी भैरवीच्या गालावरून हात फिरवला. गालाला पीठ लागलं. पिशवीकडे त्यांनी बघितलंही नाही.

"तिसऱ्या म्हैन्यात गुपचूप भरत्यात ती चोरओटी. हिला सातवा हाय. सातव्याची ओटी चार माणसांत भरत्यात, बाई. माजं रडणं तुमी समद्यास्नी दावलासा, आनि ओटी भरताना लपवून ठेवतासा व्हय?"

मी मान खाली घातली. लाज वाटली, आणि खरं सांगते, रागही आला. एवढं धाडस करून आले तरी हिला पुरेना. मग कळलं, धाडस वगैरे काही केलं नव्हतं. मी फक्त पिशवी घेऊन आले होते.

"विहीणबाईंस्नी फोन लावा," शालूबाई म्हणाल्या. "माज्यासमोर. त्या व्हय म्हणल्या तर येतो. न्हाय म्हणल्या तर जेवायला बी येत न्हाय."

तेवढ्यात तीन बायका डबे घेऊन आल्या, मागोमाग पेठेतले हंबीरराव पोतं घेऊन. शालूबाईंनी बटण दाबलं आणि गिरणी घरघरायला लागली. मुद्दाम की नेहमीसारखंच, कोण जाणे. मी फोन लावला. कालिंदीताई पलीकडून हॅलो हॅलो करत होत्या. हळू बोलून भागेना.

"रविवारी ओटी शालूबाई भरणार!" मी ओरडले. "हो, त्याच! व्हिडिओतल्या! पहिली ओटी!"

तिन्ही बायका माझ्याकडे वळल्या. हंबीररावांनी पोतं खाली ठेवलं. भैरवीनं माझा दंड घट्ट धरला. कालिंदीताई काहीतरी बोलत होत्या, शब्द कळत नव्हते.

शालूबाईंनी गिरणी बंद केली.

"काय म्हणल्या?" त्यांनी विचारलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यासमोर धरला.