वाल घातलेलं टेक्सासचं सूप

फोनवर शालनचं नाव दिसलं आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘सूप’. हे लिहिताना हात कचरतो, पण झालं ते तसंच. सकाळची वेळ होती. मी पेणला आमच्या गच्चीवर मिरगुंडं वाळत घालत होते, पोह्याच्या पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावून सरळ म्हटलं, “काय गो, कधी येऊ?” पलीकडे शालन नव्हती. तिच्या शेजारची सून होती, शालनच्याच फोनवरून बोलत होती. “मावशी, तुमी लगेच निघा. काकी सकाळी उठल्याच नायत...” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. अंगावरच्या साडीनिशी स्टेशन गाठलं, रोह्याची गाडी मिळाली, आणि नागोठणं गेल्यावर कधीतरी लक्षात आलं की निघताना सवयीने मी मिरगुंडांची पिशवीही उचलली होती. शालनच्या अंगणात माणसं जमलेली, आत तिला निजवलेलं, आणि मी दारात तळणाची पिशवी घेऊन उभी. ती कुठे ठेवावी हेही मला सुचेना. शेवटी कुणीतरी माझ्या हातातून ती काढून घेतली.

शालन मूळची हमरापूरची. मी पेणची. लग्नाआधी आम्ही दोघी तिच्या काकांच्या कारखान्यात गणपती रंगवायला बसायचो. मला अंगाचा रंग द्यायला ठेवलेलं आणि तिच्याकडे डोळ्यांची आखणी, यावरून आमच्या दोघींच्या हातांची लायकी कळावी. ती फारशी बोलायची नाही, आणि बोललीच तर हुकूम सोडायची. कौतुक करणं, जवळ घेणं, आठवण येते म्हणणं, हे तिला कधी जमलं नाही. पुढे ती लग्न होऊन रोह्याला गेली, नवरा धाटावला कंपनीत शिफ्टवर, एकच मुलगी मधुरा. नवरा लवकर गेला. मधुरा शिकली, इंजिनियर झाली, लग्न करून टेक्सासला गेली. शालन रोह्यात एकटी राहिली आणि महिन्या-दोन महिन्यांनी मी गाडीने तिच्याकडे जात राहिले. जाताना मिरगुंडं न्यायची, येताना तिची बोलणी खाऊन यायचं, असा आमचा व्यवहार होता.

मधुराच्या हट्टापायी शालन एकदा टेक्सासला जाऊन सहा महिने राहून आली. तिथे गेल्यावर तिला करमेना. रस्त्यावर माणूस दिसत नाही, दुपारी कुणाच्या दारात बसायची सोय नाही. एक दिवस मुलीच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला रडूच कोसळलं. मधुरा ऑफिसातून आली, आईकडे बघितलं आणि काही न विचारता तिने मोठं पातेलं काढलं. कोंबडी, टोमॅटो, मक्याचे दाणे, लाल तिखट, भरपूर जिरं आणि डबा फोडून त्यातल्या शिजवलेल्या चवळीएवढ्या शेंगदाणी रंगाच्या बिया. वरून मक्याच्या कुरकुरीत चकत्या चुरून, लिंबू पिळून, आंबट सायीचा गोळा. “आई, इकडे मन ठिकाणावर नसलं की हेच करतात,” मधुरा म्हणाली. शालनने दोन वाडगे संपवले. मला हे सांगताना ती एवढंच म्हणाली होती, “लय जड असतं गो. पोटात गेलं का बरं वाटतं.” शालनच्या तोंडून एखाद्या पदार्थाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

रोह्याला परतल्यावर तिने ते सूप स्वतःच्या पद्धतीने करायला घेतलं. मी म्हटलं, बाजारात राजमा मिळतो, तो घाल. तर म्हणे, “राजमा बाधतो. बी ती बी. वाल घालते.” आणि वाल म्हटल्यावर तिला ते नुसते शिजवून घालणं पटणार कसं? आपल्याकडे वालाचं बिरडं करायचं तर भिजवा, फडक्यात बांधा, मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोला. टेक्सासात तासाभरात होणारं सूप रोह्यात दोन दिवसांचं झालं. मक्याच्या चकत्यांच्या जागी माझी मिरगुंडं तळून चुरायची, आंबट सायीच्या जागी फेटलेलं दही, तिखटाच्या जागी घरचा मसाला. बेत गुरुवारी आला तर कोंबडीही नाही. मधुराने ते बघितलं असतं तर ओळखलंही नसतं. पण काय लागायचं! वालाचा तो किंचित कडवटपणा, टोमॅटोचा आंबटपणा, आणि मिरगुंड रसात पडून अर्धं मऊ, अर्धं कुरकुरीत असतानाचा तो घास... मी पेणची आहे, खाण्यापिण्यात मला सहसा कुणी हरवत नाही, पण त्या सूपापुढे मी हरले.

ते सूप शालन केव्हाही करायची नाही. मी कितीदा सुचवलं, वाढदिवसाला कर, दिवाळीत कर. ती ऐकायची नाही. आणि मग अचानक एखाद्या सकाळी तिचा फोन यायचा. “वाल बांधलेत. उद्या सोलायला ये. सूप हाय.” मी उड्या मारत निघायची. एकदा सोलायला बसलो असताना ती सहज बोलावं तशी म्हणाली, “तिकडं जरा बिनसलंय. मधुराची नोकरी गेली.” दुसऱ्या वेळी, “तिला दिवस गेलेले, राहिलं नाय.” तिसऱ्या वेळी जावयाशी काहीतरी वाजलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी तिकडून फोनवर रडली की ही इकडे वाल भिजत घालायची. मुलीला खाऊ घालता येत नाही, जवळ घेता येत नाही, बोलता तर त्याहून येत नाही. मग करायचं काय? तिला ठाऊक असलेला मनावरचा एकच उपाय ती करायची, आणि तो खायला मला बोलवायची, कारण एवढं पातेलं एकटीला संपणारं नव्हतं. वाल सोलून होईपर्यंत मधुरा बहुधा डोळे पुसून पुन्हा कामालाही लागलेली असायची. आम्ही दोघी मात्र परात मध्ये घेऊन सोलतच असू.

हे कळल्यावर माझा घास अडायला हवा होता. तो अडला नाही. मला मधुराचं वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं, तिला मी खांद्यावर खेळवलेलं आहे. पण “सूप हाय” हे शब्द ऐकले की वाईट वाटण्याच्या आधी तोंडाला पाणी सुटायचं. रोह्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी मजेत गुणगुणत असायची आणि मध्येच आठवायचं की आपण कशाला चाललोय. मग मी गुणगुणणं थांबवायची, पुढच्या स्टेशनापर्यंत. एका पोरीचे वाईट दिवस माझे मेजवानीचे दिवस होते, आणि यात मी कुणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं. तरीही ते मनाला लागून राहिलं आहे.

गेलं वर्षभर शालनने सूप केलं नाही. मी जायची, आम्ही मासे खायचो, भाकरी खायचो, पण वाल डब्यातच. एकदा न राहवून विचारलं, “हल्ली सूप नाय करत गो?” तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी फार क्वचित पाहिलं असेल. “नाय,” ती म्हणाली. “पोर सुखात हाय आता. हसत बोलते.” मी म्हटलं, बरं झालं बाई. आणि मनातल्या मनात, अगदी आत कुठेतरी, मी खट्टू झाले.

मधुरा आली, दिवस झाले, तेरावं झालं, माणसं पांगली. घर आवरायला मी तिच्याबरोबर थांबले होते. शालनच्या स्वयंपाकघरात फळीखाली वालांनी काठोकाठ भरलेला पत्र्याचा मोठा डबा निघाला. मधुरा त्यात हात घालून बसली. “मावशी, आई एकटी राहायची. एवढे वाल कशाला भरून ठेवायची?” मला काहीही सांगता आलं असतं. कोकणात वाल भरूनच ठेवतात, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ते म्हणणारही होते. पण ती स्वतःच बोलायला लागली. “तुला एक विचारू? मी कधी रडायला लागले ना, की आई लगेच म्हणायची, ‘ठेव आता, मला गॅसवर पाणी ठेवायचंय.’ दर वेळी. आणि फोन बंद. मी तिकडे हातात फोन घेऊन... मला वाटायचं, तिला कंटाळा आलाय माझ्या रडगाण्याचा. मग मी सांगणंच सोडलं. हसून बोलायचं ठरवलं. मावशी, आम्ही वेगळे झालोय. वर्ष होत आलं. आईला नाही सांगितलं मी.”

माझ्या हातात झाडू होता, तो मी खाली ठेवला. आता बोललं तर एक जखम भरणार आणि दुसरी उघडी पडणार, हे मला दिसत होतं. न बोलावं, तर ही पोर आई आपल्याला कंटाळली होती असं समजून जन्म काढणार. मी बोलले. ते पाणी वालांसाठी असायचं, ते लवकर भिजावेत म्हणून कोमट लागायचं, ते वाल सूपासाठी, आणि ते सूप तिच्यासाठी... सगळं सांगितलं. तिने डब्यातला हात बाहेर काढला. मग म्हणाली, “आणि खायचं कोण?”

“मी,” मी म्हटलं.

“आवडायचं तुला?”

“फार.”

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. “शेवटचं कधी केलेलं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “वर्ष होऊन गेलं.” तिने विचारलं, “का?” आणि मला सांगावंच लागलं. “तू रडली नाहीस म्हणून गो. पोर सुखात हाय म्हणायची.” मधुरा त्या डब्याला टेकून जमिनीवर बसली आणि तोंडाला ओढणी लावून कितीतरी वेळ रडली. शालन खुशीत गेली, हे मी तिचं समाधान म्हणून सांगितलं, पण ती खुशी खोट्यावर उभी होती हे आम्हा दोघींनाही समजत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात एकच, आपण गप्प बसायला हवं होतं का... जाताना मधुरा म्हणाली, “हे वाल तूच ने.” मी ते पेणला आणले.

मागच्या आठवड्यात सकाळी तिचा व्हिडिओवर फोन आला. घटस्फोटाच्या कागदांवर कोर्टाची सही झाली होती. एक-दोन वाक्यं नीट बोलली आणि मग तिचा बांध फुटला. मीही शालनच्याच बरोबरची, शब्द मलाही सापडत नाहीत. पाणी ठेवावं एवढंच सुचलं. पण फोन ठेवला नाही. डब्याला टेकवून उभा केला आणि म्हटलं, “मी वाल भिजत घालतेय. तू रड. मी इथंच हाय.” तिला आमची चूल, पातेलं, माझे हात सगळं दिसत होतं. वाल बांधले तेव्हा पुन्हा तिचा फोन आला. सोलायला बसले तेव्हाही आला. तिकडे रात्र होती, ती अंथरुणात पडून बघत होती. मी सोलत होते.

सूप झालं. दही घातलं, मिरगुंड चुरलं, वाडगा फोनसमोर ठेवला आणि मला संकोचल्यासारखं झालं. “तुझ्यासमोर कसं खाऊ गो?” मी म्हटलं. “तुझ्यासाठी केलं नि मीच...” ती उठून बसली. “मावशी, तू खा. माझ्या वाटचं तूच खायचं.” आणि खरं सांगायचं तर मला सपाटून भूक लागली होती. मी चमचा भरून तोंडात घातला. तिने विचारलं, “कसं झालंय?” त्या वेळी खोटं बोलावंसं फार वाटलं. अळणी झालंय, करपलंय, तुझ्या आईसारखं नाय, काहीही. “फक्कड झालंय,” मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच आणखी वाढून घेतलं.